बारावा खेळाडू कोण?

नमस्कार श्रोतेहो. खेळाडू निवडताना आज तयार असलेला घ्यावा की पुढे मोठा होईल असा, यावर बोलायला मला बोलावलंय.

जून संपत आला की इकडे पुण्यात वह्यापुस्तकांना कव्हरं घालून झालेली असतात आणि तिकडे अमेरिकेत एनबीएचा ड्राफ्ट असतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बास्केटबॉलच्या या लीगमध्ये ३० संघ. दर वर्षी साधारण एकोणीस ते बावीस वर्षांची नवी पोरं हे संघ आळीपाळीनं निवडतात. ज्यांचा मागचा हंगाम वाईट गेला त्यांची पाळी साधारण आधी. अगदी पहिल्या नंबरांसाठी मात्र लॉटरी काढतात, नाहीतर पहिला नंबर मिळावा म्हणून लोक मुद्दाम हरत बसतील.

पाळी आली की प्रश्न एकच. एक मुलगा बावीस वर्षांचा, चार वर्षं कॉलेजकडून खेळलेला, सामन्यागणिक वीस गुण करणारा. त्याला काय येतं नि काय येत नाही, सगळं दिसलेलं. दुसरा एकोणिसाचा, हात लांब, उडी जबरदस्त, खेळ अजून कच्चा. घ्यायचा कोणता? आपल्याकडे स्थळं बघताना मावशी नि आत्या भांडतात तेच हे भांडण. एक म्हणते, मुलगा नोकरीत कायम झालाय. दुसरी म्हणते, अगं पण तो दुसरा बघ, कुठच्या कुठे जाईल!

कुठच्या कुठे जाईल म्हणून घेतलेला कधी जातो, कधी नाही. २००१ साली वॉशिंग्टननं क्वामे ब्राउनला शाळेतून थेट पहिल्या नंबरवर उचललं, आणि निर्णय घेणाऱ्यांत खुद्द मायकेल जॉर्डन होता, या खेळातला सर्वांत मोठा मानला जाणारा खेळाडू. ब्राउन बरीच वर्षं खेळला, पण ज्या आशेनं घेतला तेवढा मोठा झाला नाही. गंमत अशी की १९८४ च्या ड्राफ्टमध्ये जॉर्डनचा स्वतःचा नंबर तिसरा होता. कॉलेजच्या अंतिम सामन्यात विजयाची बास्केट टाकून आलेला हा मुलगा, आणि पोर्टलंडनं दुसऱ्या नंबरवर सॅम बोवी घेतला. बोवी उंच, आणि पायाच्या दुखण्यानं आधीच दोन हंगाम बाहेर बसलेला. पोर्टलंडला लोक अजून हसतात. पण जॉर्डन ज्या जागेवर खेळायचा त्या जागेवर त्यांच्याकडे आधीच क्लाइड ड्रेक्सलरसारखा तगडा खेळाडू होता, हे हसणारे सांगत नाहीत.

असो. मला जी गोष्ट सांगायची आहे ती आधी सांगते, बाकीचं वेळ उरला तर.

डेक्कनच्या बाजूला एका सिमेंटच्या कोर्टवर चौदा वर्षांखालच्या मुलांची निवडचाचणी होती. (सिमेंटवर वाढत्या वयाच्या पोरांना रोज दोन तास उड्या मारायला लावणं हा मला गुन्हा वाटतो, पण ते पुन्हा कधीतरी.) श्रावणातला शनिवार, शाळा सकाळची, मुलं गणवेशातच आली आणि कोपऱ्यात कपडे बदलून चड्डीवर उभी राहिली. कोर्टवर पाणी साठलं होतं, ते पोत्यांनी पुसून घेतलं. मी टेबलावर स्कोअरशीट लिहायला. निवडणारे तिघं, दोन तरुण प्रशिक्षक आणि एक आमचे सर. सर सत्तरीकडे झुकलेले, बोलणं मोजकं.

अकरा मुलं पटापट ठरली. बाराव्या जागेवर गाडं अडलं.

एका बाजूला मिसरूड फुटलेला मुलगा. इतरांपेक्षा डोकंभर उंच, खांदे भरलेले. बोर्डखाली उभा राही, वर आलेला चेंडू धरी, परत वर ठेवी. सराव सामन्यात त्याच्या संघाचे सव्वीस गुण झाले, त्यातले अठरा त्याचे. मीच लिहिले होते. दुसऱ्या बाजूला एक चष्मेवाला. चष्मा दोरीनं मागे बांधलेला, कोपरं नि गुडघे चहूकडे, बूट अंगापेक्षा मोठे. त्याचे गुण चार.

तरुण प्रशिक्षक म्हणाला, "सर, यात बघायचं काय? गुण बघा ना."

सर म्हणाले, "गुण बघितले. आता पॅन्टी आणा."

आम्हाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण सरांनी खरंच दोघांच्या शाळेच्या पॅन्टी मागवल्या आणि माझ्या टेबलावर, माझ्या स्कोअरशीटवर पसरल्या. ओल्या! दोन्ही आदल्या वर्षीच्या जूनमध्ये घेतलेल्या. मिशीवाल्याच्या पॅन्टची खालची दुमड जशीच्या तशी, दुकानातून आणली तेव्हाची शिलाई. चष्मेवाल्याची दुमड दोनदा उसवलेली. कापडावर विटक्या पांढऱ्या दोन रेषा, त्यांच्याखालचं कापड नवं-कोरं गडद, आणि आता सोडायला बोटभरही उरलेलं नाही. घरोघरी आया हे करतातच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण सरांनी त्या रेषांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "त्याची वाढ होऊन गेली. याची आत्ता निघालीय."

तरुण प्रशिक्षक चिडला. "सर, स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. पुढच्या वर्षी नाही."

आता बघा, त्याचंही काही खोटं नव्हतं.

सरांनी वाद घातला नाही. दोन्ही मुलांना घेऊन ते कोर्टच्या डाव्या अंगाला गेले आणि डाव्या हाताचा ले-अप, म्हणजे धावत येऊन जवळून बास्केट टाकणं, शिकवायला लागले. आधी डावा पाय, मग उजवा, उजव्यावरून उडी, चेंडू डाव्या हातानं बोर्डवर. दोघांनाही तो येत नव्हता. दहा मिनिटं शिकवलं आणि दोघांना वडापाव खायला पिटाळलं. अर्ध्या तासानं अचानक हाक मारली, "या रे, आता करून दाखवा."

मिशीवाला धावत आला आणि सरळ उजव्या हातानं टाकून मोकळा झाला. बास्केट झाली. त्याला डाव्याची गरजच काय होती? चष्मेवाला आला. डावा, उजवा, उडी, डावा हात. सगळं अगदी बरोबर. चेंडू बोर्डच्या खालच्या कडेवर आपटला आणि परत येऊन त्याच्या चष्म्यावर बसला. सरांनी टाळ्या वाजवल्या. "हा घ्या बारावा."

स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच सामन्यात पाच गुणांनी हरलो. दुसऱ्या दिवशी मिशीवाल्याचे वडील स्कोअरशीटची झेरॉक्स मागायला आले. "अठरा गुण मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिलेत, नाकारताय कसे?" मी नाकारत नव्हतेच. (पालकांनी कोर्टच्या कडेला उभं राहून मुलाला सूचना देऊ नयेत, एवढं तरी कोणी फलकावर लिहून लावेल का? पार्किंगच्या बाबतीत आपण किती फलक लावतो!)

दहावीपर्यंत चष्मेवाला सहा फूट एक झाला. डावा हात उजव्याइतका चालायला लागला. सगळे म्हणाले, सरांची नजर म्हणजे नजर. मग अकरावी आली, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा क्लास लागला, संध्याकाळी पाच ते नऊ, म्हणजे नेमकी सरावाची वेळ. पोरगं गेलं ते गेलं. आणि मिशीवाला? त्याची उंची बोटभरही वाढली नाही. ज्यांच्या डोक्यावरून तो चेंडू काढायचा ती पोरं त्याच्या डोक्यावरून काढायला लागली. बोर्डखाली त्याला कोणी उभं राहू देईना, तेव्हा मुकाट्यानं चेंडू टप्पे देत न्यायला शिकला, पास शिकला, गार्ड, म्हणजे बोर्डपासून लांब राहून खेळ चालवणारा, झाला आणि विद्यापीठाकडून खेळला. हे सरांना सांगितलं तर म्हणाले, "हे पॅन्टीवर कुठं लिहिलेलं असतं?"

वेळ फार उरला नाही, तेव्हा ज्यासाठी मला बोलावलं ते भरभर सांगते.

पहिली गोष्ट, वय. पुन्हा सांगते, वय. मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्यानं वाढतात, पण कोणाचं आधी निघतं, कोणाचं उशिरा. आधी निघालेला दोन-तीन वर्षं राज्य करतो आणि ते राज्य कौशल्याचं आहे असं सगळ्यांना वाटतं. एनबीएतही एकोणिसाव्या वर्षीचे वीस गुण आणि बाविसाव्या वर्षीचे वीस गुण एका तागडीत घालत नाहीत. २०१३ साली मिलवॉकीनं पंधराव्या नंबरवर यानिस अँटेटोकून्पो घेतला. अठरा वर्षांचा, ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला. निवडीनंतरही त्याची उंची वाढत राहिली. २०२१ मध्ये त्यानं विजेतेपद मिळवून दिलं, शेवटच्या सामन्यात ५० गुण टाकून. २०१३ च्याच ड्राफ्टमधला पहिल्या नंबरचा अँथनी बेनेट चार हंगामांत लीगबाहेर गेला.

दुसरी गोष्ट, संघाची गरज. कोर्टवर माणसं पाचच, त्यामुळे एक असामान्य खेळाडू अख्ख्या संघाचं नशीब फिरवतो. शिवाय पहिल्या फेरीत निवडलेल्याचा पगार सुरुवातीची वर्षं ठरलेल्या कोष्टकानुसार असतो, म्हणजे तो असामान्य निघाला तर स्वस्तात पडतो. म्हणून तळाचा संघ जुगार खेळतो. ज्याचं बस्तान बसलेलं आहे त्याला उद्या सकाळी खेळू शकणारा माणूस लागतो. तयार खेळाडू घेण्यात कमीपणा नाही. डेमियन लिलार्ड चार वर्षं वेबर स्टेटकडून, म्हणजे फारसं नाव नसलेल्या कॉलेजकडून खेळून २०१२ मध्ये सहाव्या नंबरवर गेला आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला.

आणि तिसरी, शरीराला भुलायचं नाही. निकोला योकिच ना फार उडी मारतो, ना फार पळतो. २०१४ मध्ये ४१ व्या नंबरला त्याचं नाव आलं तेव्हा तिकडच्या टीव्हीवर जाहिरात चालू होती. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

आता आपल्याकडचं. पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, २०१५ मध्ये डॅलसनं ५२ व्या नंबरवर निवडला. भारतात जन्मून ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला. एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. उंचीत तो कुठे कमी होता? माझं म्हणणं असं की आपल्या मुलांना सामनेच कमी मिळतात. एनबीएचा संघ एका हंगामात ८२ सामने खेळतो. आपल्या बहुतेक आंतरशालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. पहिला सामना हरलात, पुढच्या पावसाळ्यात या. वर्षाला एक सामना खेळलेल्या मुलानं काय सिद्ध करायचं, आणि निवडणाऱ्यांनी कशावरून ठरवायचं? मग उरतात पॅन्टी.

तेव्हा ज्या शाळांकडे कोर्ट आहे, आणि ते लग्नाच्या मांडवाला दिलेलं नाही, त्यांनी शेजारच्या तीन शाळांना बोलवावं. चार संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा, तीन शनिवार, सहा सामने. शिट्टी वाजवायला माजी विद्यार्थी मिळतात. स्कोअरशीट लिहायला मी येईन, फक्त टेबल पत्र्याखाली ठेवा.

नमस्कार.