तार तापायच्या आधी

[दृश्य: अंधारात मनोऱ्यांची रांग]

३० जुलै २०१२. रात्रीचे २ वाजून ३३ मिनिटं. बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि बघता बघता उत्तर भारत अंधारात गेला. तार तुटली नव्हती, शॉर्ट सर्किटही नव्हतं. भार इतका वाढला होता की लाइनवर पहारा देणाऱ्या डिस्टन्स रिले या यंत्रणेला तो फॉल्टच, म्हणजे बिघाडच वाटला. हा रिले व्होल्टेजला करंटने भागतो. व्होल्टेज उतरलं, करंट चढला की भागाकार लहान येतो, आणि रिलेच्या लेखी लहान भागाकार म्हणजे फॉल्ट.

[दृश्य: मूस कंडक्टरचा कापलेला तुकडा, जवळून]

हा मूस कंडक्टर, म्हणजे अशा लाइनवरची वीज वाहणारी तार. मधे पोलादाच्या ७ तारा, भोवती ॲल्युमिनियमच्या ५४, जाडी ३१.७७ मिलिमीटर. प्रत्येक फेजला असे दोन. दोन्ही मिळून हजाराहून जास्त अँपिअर सोसतात. तरीही लांबच्या लाइनवर तार तापायच्या आधीच व्होल्टेज हात टेकतं.

३०० किलोमीटरची लाइन घ्या. तारा आणि जमीन मिळून होतो एक भलामोठा कपॅसिटर. भार असो वा नसो, तो सुमारे १६५ मेगाव्हार रिॲक्टिव्ह पॉवर देतो. रिॲक्टिव्ह पॉवर म्हणजे प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज सावरून धरणारी वीज; मेगाव्हार हे तिचं माप. त्याच तारांचं इंडक्टन्स ती खातं, तेही करंटच्या वर्गाच्या प्रमाणात: ५०० अँपिअरला ७५ मेगाव्हार, १००० अँपिअरला थेट ३००! म्हणून मध्यरात्री ९० शिल्लक राहतात, व्होल्टेज ४२० केव्हीच्या वर जाऊ पाहतं, ही शिल्लक शोषायला शंट रिॲक्टर लागतो. ऐन मागणीत १३५ची तूट. जमाखर्च जुळतो तो ५१५ मेगावॅटच्या आसपास.

ही तूट दूरच्या जनित्राकडून भरून काढायला गेलं, तर बरीचशी वाटेतच खर्ची पडते. मेगाव्हार भाराजवळच द्यावे लागतात. कपॅसिटर बँक स्वस्त, पण व्होल्टेज १० टक्के उतरलं की ती १९ टक्के कमी देते, नेमकी गरजेच्या वेळी. स्टॅटकॉम हे इलेक्ट्रॉनिक उपकरण करंट टिकवून धरतं. त्याची घट १० टक्क्यांवरच थांबते.

[दृश्य: विहिरीवरची स्टार्टरची पेटी]

आणि सगळ्यात जवळची जागा ही. ५ एचपीच्या पंपाला २ केव्हीएआरचा (हजार केव्हीएआर म्हणजे एक मेगाव्हार) कपॅसिटर पुरतो. तो फुगला की काढून टाकतात. मोटर चालतच राहते, म्हणून नवा बसत नाही. रब्बीत फीडरवरचे सगळे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज डाऊन होतं, मोटर जास्त करंट ओढते, व्होल्टेज आणखी उतरतं. नवा कपॅसिटर कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे स्टार्टरमधल्या स्विचच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडा, म्हणजे पंप बंद झाला की तोही लाइनवरून सुटतो.