टिप आतून निमुळती की बाहेरून?

मंडळी, आजचा विषय आहे 'प्रोटिओमिक्ससाठी भरवशाचे इलेक्ट्रोस्प्रे एमिटर कसे निवडावेत'. प्रोटिओमिक्स म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या प्रथिनांचा एकत्र अभ्यास. एमिटर, म्हणजेच आपली टिप, ही बारीक टोकाची नळी; तिच्यातून नमुन्याचा द्रव उच्च व्होल्टेजने वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात (मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये) फवारला जातो. त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एका नमुना-मालिकेची गोष्ट सांगू द्या. माझा सगळा आग्रह त्या सहा दिवसांतून आला आहे.

रक्तद्रवाचे 96 नमुने होते. प्रत्येकाला 90 मिनिटे, म्हणजे सलग सहा दिवस आणि सहा रात्री. नमुने इतके थोडे होते, की पुन्हा चालवायची सोय नव्हती. साठाव्या नमुन्यापर्यंत सगळे सुरळीत चालले होते. मग ओळखल्या जाणाऱ्या पेप्टाइडांची, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांची, संख्या घसरू लागली. एकदम नाही, रोज थोडीथोडी. एकूण आयन-प्रवाहाचा, म्हणजे यंत्रात पोचणाऱ्या सगळ्या भारित कणांचा, आलेख पाहिला, तर सुरुवातीच्या वीस-पंचवीस मिनिटांत कंगव्याचे दात दिसत होते. सिग्नल क्षणभर तळाला जायचा आणि पुन्हा वर यायचा.

अशा वेळी प्रयोगशाळेत कुणावर संशय येतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. जिने नमुने तयार केले, तिच्यावर. मीठ राहिले असेल, डिटर्जंट राहिला असेल, प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन नीट चालले नसेल. आमची एक तरुण सहकारी तीन दिवस हे ऐकत होती. आम्ही यंत्र व्हेंट केले, म्हणजे आत हवा सोडली, आयन गाळणारा क्वाड्रुपोल साफ केला, पुन्हा निर्वात व्हायची वाट पाहिली. फरक शून्य. कॉलमवर, म्हणजे टिपेआधीच्या, पेप्टाइडे वेगळी करणाऱ्या कणभरल्या नळीवर, संशय घेतला, पण पंपाचा दाब तोच होता आणि पेप्टाइडे ठरल्या वेळेलाच बाहेर पडत होती.

शेवटी तीच पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, 445ची रेघ पण त्याच वेळी पडते आहे."

इथे जरा थांबतो, कारण हे वाक्य समजले की अर्धे व्याख्यान समजले. 445.12 (वस्तुमान भागिले भार) हा पॉलिसिलॉक्सेन या सिलिकॉन-संयुगाचा आयन. तो प्रयोगशाळेच्या हवेतून येतो. नमुन्याशी त्याचा काहीही संबंध नाही. एरवी आपण तो वस्तुमानाचे अंशांकन जुळवायला वापरतो. आता पेप्टाइडांचा सिग्नल आणि हवेतला हा आयन, दोघेही एकाच स्कॅनमध्ये शून्याकडे जात असतील, तर नमुना निर्दोष आहे. तुटतो आहे तो फवारा. तीन दिवस आम्ही तिला प्रश्न विचारत होतो आणि उत्तर प्रत्येक फाइलमध्ये पहिल्या मिनिटापासून लिहिलेले होते. मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर. तशीच मागायला हवी होती.

मग टिप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. माझी अपेक्षा होती, की छिद्र बुजलेले असेल. छिद्र स्वच्छ होते. अडचण होती त्याच्या अर्धा मिलिमीटर मागे, जिथे नळी आतून अरुंद व्हायला लागते. तिथे कॉलममधून सुटलेला सिलिकाचा एक कण आडवा बसला होता आणि त्याच्याभोवती पांढरट साका धरला होता. कण हलला, की प्रवाहाला हिसका बसायचा. पंपाला याचा पत्ता लागत नाही. कॉलमचाच दाब शेकडो बार. त्यात टिपेतला एवढा अडथळा दिसणार कुठे?

म्हणून माझे म्हणणे हे आहे. टिप घेताना आपण विचारतो, छिद्र किती मायक्रॉनचे? खरा प्रश्न आहे, निमुळतेपणा आत आहे की बाहेर?

लेसरने तापवून ओढलेली फ्यूज्ड सिलिकाची (शुद्ध काचेची) नळी आतून आणि बाहेरून अशी दोन्हीकडून निमुळती होते. 20 मायक्रॉनचा आतला व्यास टोकाशी 10 मायक्रॉनवर येतो. म्हणजे ते एक नरसाळेच झाले, आणि नरसाळ्याच्या गळ्याशी गाळ अडकणारच. दुसरी पद्धत आहे आम्लाने कोरण्याची. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या गटाने ती 2006 साली प्रसिद्ध केली. नळीचे टोक हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवायचे आणि आतून सतत पाणी ढकलत राहायचे. पाण्यामुळे आम्ल आत शिरत नाही, काच फक्त बाहेरून झिजते. टोक झिजून आम्लाच्या पृष्ठभागापासून सुटले, की कोरणे आपोआप थांबते. आतला व्यास टोकापर्यंत तोच राहतो. जो कण नळीत शिरला, तो टोकातून बाहेरही पडतो. (हे आम्ल हाडापर्यंत जाते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी नसेल आणि प्रशिक्षण झालेले नसेल, तर या वाटेला जाऊ नका.)

बाहेरून मात्र निमुळती हवीच. भिंत जाड राहिली, तर द्रव टोकाच्या सपाट कडेवर पसरतो, शंकूचा पाया रुंद होतो आणि थेंब मोठे पडतात. भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1964 साली दाखवले, की विद्युतबल आणि पृष्ठताण समतोलात आले की द्रवाचा शंकू होतो. त्याचा अर्धकोन 49.3 अंश. तो शंकू कुठे टेकतो, हे टिपेची कड ठरवते. रसायनशास्त्रज्ञ जॉन फेन यांना 2002 चे नोबेल मिळाले ते याच शंकूतून अखंड प्रथिने वायुरूपात उडवली म्हणून. विल्म आणि मान या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात टोक 1-2 मायक्रॉनवर आणले, प्रवाह मिनिटाला 20 नॅनोलीटर. एक मायक्रोलीटर नमुना 50 मिनिटे पुरायचा. फार सुंदर काम आहे ते. पण त्यात एका टिपेतून एक नमुना जात असे. आपण एका टिपेतून शंभर पाठवतो आणि निवडीचे निकष मात्र तेच ठेवतो.

आणखी एक गोष्ट मला खरोखर लागते. शोधनिबंधांत कॉलमची लांबी असते, कणांचा आकार असतो, तापमान असते. टिपेबद्दल काय असते? 'नॅनोस्प्रे स्रोत वापरला.' बस्स. ज्या काही मायक्रॉनमधून सगळी विदा गेली, त्या टिपेबद्दल तीन शब्द. परीक्षण करताना मी दर वेळी विचारतो. तुम्हीही विचारा.

मला चिठ्ठी आली आहे, सहा मिनिटे उरली. तेव्हा निवडीचे भराभर सांगतो.

आधी तुमचा प्रवाह पाहा. मिनिटाला 200 ते 400 नॅनोलीटर असेल आणि नमुने शेकड्यांनी असतील, तर 20 ते 30 मायक्रॉनचा, आतून सरळ असलेला एमिटर घ्या. स्टीलचाही चालेल, तो दणकट असतो, फक्त जोडणीत मोकळी जागा राहू देऊ नका, नाहीतर कॉलमने वेगळे केलेले पुन्हा मिसळते. नमुना अगदी थोडा आणि प्रवाह 100 च्या खाली असेल, तर बारीक टिपेला पर्याय नाही. कॉलम आणि टिप एकाच नळीत असेल तर आलेखावरची शिखरे देखणी येतात, पण एक गेले की दुसरेही टाकावे लागते. मोठ्या मालिकेला मी ती जोडी वापरत नाही. धातूचा मुलामा दिलेल्या टिपा ठिणगीने जळतात. व्होल्टेज द्रवालाच मागून देता येत असेल, तर तसेच द्या.

चाचणी ग्रेडियंटच्या सुरुवातीच्या द्रवात करा. ग्रेडियंट म्हणजे कॉलममधले मिश्रण, जे बहुतांश पाण्यापासून हळूहळू ॲसिटोनायट्राइल या द्रावकाकडे सरकते. पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, ॲसिटोनायट्राइलचा 29. तीस टक्के ॲसिटोनायट्राइलमध्ये वाईट टिपही छान फवारते. आमचा कंगवा सुरुवातीलाच दिसला तो म्हणूनच. व्होल्टेज 50-50 व्होल्टने वाढवा, फवारा स्थिर होतो ती पट्टी शोधा आणि तिच्या मधोमध थांबा. फवारा तुटला म्हणून व्होल्टेज चढवत जाणे ही सर्वांत वाईट सवय. त्याने करोना, म्हणजे टोकाभोवतीच्या हवेत विद्युतविसर्जन, होतो आणि टोक जळते.

प्रत्येक लॉटमधल्या तीन टिपा तपासा, एकच पेप्टाइड मिश्रण, तासभर. सर्वांत उंच सिग्नल कुणाचा हे पाहू नका. तिघींत फरक किती आणि 445 किती वेळा पडला, ते मोजा. एक अप्रतिम आणि दोन बऱ्या असा लॉट मी परत करतो. तिन्ही सारख्याच मध्यम असल्या तर ठेवतो. लावण्याआधी टोकाचा फोटो, लॉट क्रमांक आणि तारीख वहीत. शंभर नमुन्यांनंतर पुन्हा फोटो.

वेळ संपली. मागच्या टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक लावून ठेवले आहेत. डावीकडे ओढलेली टिप आहे, तीच, कणासकट. उजवीकडे कोरलेली, तीनशे नमुने झालेली. बघा जरूर, फक्त टोकाला हात लावू नका.