सतरा नंबरचा फॉर्म आणि शंभर टक्के निकाल

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'अभ्यासात मागं राहणाऱ्या मुलांसाठी हाताच्या कामाच्या वाटा'. तिकडं येणारच आहे. पण त्या वाटेच्या तोंडाशीच मुलांना कसं अडवलं जातं, ते आधी बोलू दे.

निवड करणारी शाळा म्हटलं की आपल्याला नवोदय आठवते. सहावीसाठी दोन तासांचा पेपर, ८० प्रश्न. ती निवड निदान उघड आहे. माझा राग आहे तो गुपचूप होणाऱ्या निवडीवर. शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून चाळण लागते नववीत. पालकांना बोलावलं जातं: "गणित जमत नाही, वर्ष वाया जाईल. दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, थेट दहावीला बसेल." सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसायचा फॉर्म. पालक बिचारे दाखल्यासाठी अर्ज लिहून देतात. मग दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात काय पडतं? 'पालकांच्या विनंतीवरून'. शाळेनं काढल्याची खूणसुद्धा उरत नाही!

सतरा नंबर वाईट नाही हो. शिक्षण सुटलेल्या बाईला, कामावर जाणाऱ्या पोराला तो मोठा आधार आहे. पण रोज शाळेत येणाऱ्या मुलाच्या हातात तो दिला की काय होतं? दहावीचा विषय ८० लेखी, २० अंतर्गत. पास व्हायला ३५. कच्च्या मुलाची भिस्त त्या वीसांवर. तोंडी, गृहपाठ, प्रयोगवही हे सगळं वर्षभर शिक्षकांच्या नजरेसमोर राहून जमतं. बाहेरून बसणाऱ्याला संपर्क केंद्र मिळतं, वर्ग मिळत नाही. त्यात टप्पे दोन. आधी नावनोंदणी, तिला मूळ दाखला लागतो. मग परीक्षेचा अर्ज वेगळा. पहिला भरला म्हणजे झालं असं समजून दुसरा राहिला, की वर्ष गेलं.

आणि इकडं शाळेच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स. निकाल काढतात बसलेल्या मुलांवर. तुम्ही एवढंच विचारा, याच तुकडीचा आठवीतला पट किती होता? समजा ६० होता, दहावीला ४८ बसली आणि सगळी पास झाली. फ्लेक्सवर शंभर, पटावर मोजलं तर ऐंशी. उरलेली बारा कुठं आहेत, याचा जाब शाळेला कोणी विचारत नाही.

वेळ संपत आलीय, चिठ्ठी मिळाली. तर वाटा, भराभर सांगतो. आयटीआयत फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. त्यांना दहावी पास लागते. दहावी नापासाला वेल्डर, सुतारकाम असे मोजकेच ट्रेड. म्हणजे 'हाताचं काम शिकेल' म्हणून ज्याला काढलं, त्याला तिथंही चांगला ट्रेड नाही. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावी मिळते, पुरवणी परीक्षाही असते. म्हणून नापास होण्याच्या भीतीनं दाखला घेऊ नका.

हे काम शाळेतच शिकवता येतं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, हातानं काम करत शिकवणारी संस्था. त्यांचा अभ्यासक्रम शाळांत आठवड्यातून एक दिवस चालतो: वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया. पाण्याची टाकी बांधायची तर घनफळ काढावंच लागतं, सिमेंटचा हिशोब करावाच लागतो. फळ्यावर अडलेलं गणित तिथं सुटतं, आणि मूल पटावर राहतं.

पालकांनो, एकच सांगून थांबतो. दाखल्याच्या त्या अर्जावर सही तुमची लागते. सही करू नका. शाळेला काय म्हणायचंय ते लेखी मागा.