क्रिल किती, यापेक्षा क्रिल कुठे

मित्रहो, दक्षिण ध्रुवीय समुद्रातील मासेमारीविषयी बोलताना एक आकडा नेहमी पुढे केला जातो. २०१९ साली नॉर्वेच्या पुढाकाराने अनेक देशांच्या जहाजांनी मिळून नैर्ऋत्य अटलांटिकच्या अंटार्क्टिक भागात क्रिल या छोट्या समुद्री प्राण्याची पाहणी केली आणि तिथे सुमारे ६ कोटी २६ लाख टन क्रिल असल्याचा अंदाज दिला. त्याच क्षेत्रात मासेमारीला प्रत्यक्षात मुभा आहे ती वर्षाला ६ लाख २० हजार टनांची, म्हणजे साठ्याच्या जेमतेम एक टक्क्याची. एवढ्याशा उपशाने पेंग्विन आणि देवमासे यांचे काय बिघडणार, असे कुणालाही वाटेल. हा युक्तिवाद अपुरा का आहे आणि तसे कोणत्या संशोधनातून कळले, ते आज मला मांडायचे आहे.

क्रिल दिसायला आपल्या जवळ्यासारखाच, पण लांबीला सहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा आणि पाच-सहा वर्षे जगणारा प्राणी आहे. तो सूक्ष्म वनस्पती खातो, आणि त्याला पेंग्विन, सील, अल्बाट्रॉस, मासे आणि दाढेऐवजी गाळणी असलेले प्रचंड देवमासे खातात. त्याचे थवे मैलोनमैल पसरलेले असू शकतात. थव्याच्या आत एका घनमीटर पाण्यात हजारो प्राणी, आणि थोडे पुढे गेले की पाणी रिकामे! मोजणीची पहिली अडचण इथेच सुरू होते. १९२० च्या दशकात ब्रिटिश संशोधक जाळी ओढून क्रिल मोजू लागले. पण क्रिलला जाळे येताना जाणवते आणि तो बाजूला सरकतो. शिवाय दिवसा तो खोल उतरतो, रात्री वर येतो, त्यामुळे एकाच जागी दुपारी आणि मध्यरात्री ओढलेली जाळी वेगवेगळी हकिकत सांगतात.

वय काढणेही सोपे नाही. माशाच्या कानातील चुनखडीच्या बारीक खड्यावर वर्षागणिक वलये उमटतात. क्रिल मात्र कात टाकतो आणि अन्न मिळेनासे झाले की दर कातीगणिक आकाराने लहान होत जातो. प्रयोगशाळेत उपाशी ठेवलेले क्रिल २०० हून अधिक दिवस जगल्याची नोंद आहे. तेव्हा समोरचा चार सेंटिमीटरचा क्रिल तरुण आहे की कडक हिवाळा काढून आटलेला प्रौढ आहे, हे नुसत्या लांबीवरून ठरत नाही.

पुढे ध्वनीची पद्धत आली. जहाजाच्या तळाशी बसवलेल्या यंत्रातून ध्वनिलहरी पाण्यात सोडायच्या आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून थव्याची घनता काढायची. २००० साली ब्रिटन, जपान, रशिया आणि अमेरिका यांच्या चार जहाजांनी अशी पाहणी करून ४ कोटी ४३ लाख टनांचा अंदाज दिला. परंतु एका क्रिलकडून किती ध्वनी परततो, हे त्याच्या लांबीवर आणि पोहताना त्याचे अंग पाण्यात किती तिरके आहे यावर अवलंबून असते. त्याविषयीचे गणित सुधारल्यावर २०१० मध्ये त्याच पाहणीचा अंदाज ६ कोटी ३ लाख टनांवर गेला. समुद्रात एकही क्रिल वाढला नव्हता, तरी कागदावर १ कोटी ६० लाख टनांची भर पडली. हे मी संशोधकांना दोष देण्यासाठी सांगत नाही. आपले गणित उघडपणे दुरुस्त करणे हा त्यांचा प्रामाणिकपणाच आहे. पण एकूण साठ्याच्या आकड्यावर किती भार टाकावा, हे त्यावरून कळावे.

म्हणून संशोधकांनी क्रिलची बातमी त्याच्या शिकाऱ्यांकडून काढायला सुरुवात केली, आणि मला या साऱ्या विषयातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटाच्या वायव्य टोकाला बर्ड आयलंड हे चिमुकले बेट आहे. तिथे ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे केंद्र आहे. तेथील संशोधक किनाऱ्यावरून फर सीलची विष्ठा गोळा करतात, ती पाण्यात भिजवून चाळणीतून धुतात आणि तळाशी उरलेली क्रिलच्या पाठीवरची पारदर्शक कवचे चिमट्याने वेचून एकेक मोजतात. कवचाच्या लांबीवरून अख्ख्या क्रिलची लांबी काढता येते. सीलने मासे खाल्ले असतील तर त्यांच्या कानातील खडेही सापडतात आणि त्या खड्याच्या आकारावरून माशाची जात ओळखता येते. वर्षानुवर्षे चाललेल्या या कष्टाच्या कामातून दिसले, की काही वर्षे सीलच्या आहारात लहान क्रिल जवळजवळ नसतोच आणि मग एखाद्या वर्षी तो अचानक भरपूर दिसू लागतो. म्हणजे नवी पिढी दरवर्षी सारखी येत नाही. मधली काही वर्षे कोरडी जातात. अशा तुटीच्या वर्षी शिकारी माशांकडे वळतात, पण तेथील हिममासाही क्रिलवरच जगतो आणि त्याच वर्षी तोही रोडावलेला असतो.

नवी पिढी का चुकते, याचे एक मोठे कारण समुद्रावरील बर्फात आहे. क्रिलची पिल्ले पहिला हिवाळा बर्फाच्या खालच्या अंगाला वाढणाऱ्या शैवालावर काढतात. बर्फ उशिरा धरला किंवा लवकर वितळला, तर त्यांची उपासमार होते. १९२० च्या दशकापासूनच्या जाळ्यांच्या नोंदी एकत्र करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९७० च्या दशकानंतर नैर्ऋत्य अटलांटिकमध्ये क्रिलची घनता घटल्याचे दिसले. २०१९ च्या पुढील अभ्यासात क्रिलचा वावर दक्षिणेकडे, अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या बाजूला, आखडत चालल्याचे आढळले. घट किती, यावर मतभेद आहेत, कारण जुनी आणि नवी जाळी एकसारखी नव्हती. ते मतभेद मला गैर वाटत नाहीत.

आता मासेमारीकडे वळू. जहाजे ६ कोटी टनांच्या सबंध क्षेत्रात विखरून मासेमारी करत नाहीत. ती द्वीपकल्पाजवळच्या ब्रान्सफील्ड आणि जर्लाश या सामुद्रधुन्यांसारख्या जागी जमतात, कारण तिथे क्रिल दाट असतो. पेंग्विनही त्याच कारणासाठी तिथे असतात. पिल्लू लहान असताना आईबापांना दर एक-दोन दिवसांनी घास घेऊन परतावे लागते. त्यांच्या आवाक्याबाहेर क्रिलचा डोंगर असला तरी त्या पिल्लाला त्याचा उपयोग शून्य. वॉटर्स, हिन्के आणि रीस या अमेरिकी संशोधकांनी २०२० साली तीन दशकांहून अधिक काळाच्या नोंदी तपासून दाखवले, की पेंग्विनच्या चारा-क्षेत्रातील स्थानिक क्रिलपैकी दहा टक्के किंवा अधिक उपसा झाला, तर पेंग्विनची कामगिरी, म्हणजे वीण आणि पिल्लांचे वजन वगैरे, ढासळते, आणि ती प्रतिकूल हवामानाइतकीच ढासळते. एकूण साठ्याच्या एका टक्क्याचा हिशेब अशा ठिकाणी लागूच पडत नाही. देवमाशांचीही भर आहे. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. आता हंपबॅक आणि फिन देवमासे परतत आहेत, आणि तेही याच पाण्यात येऊन जेवतात.

उशीर केला की काय होते, हे आधी दिसून चुकले आहे. साउथ जॉर्जियाभोवती १९६९-७० च्या एकाच हंगामात संगमरवरी नक्षीचा रॉककॉड मासा सुमारे ४ लाख टन उपसला गेला. तो साठा असा बसला, की त्यानंतर मासेमारी बंद होऊन दशके उलटली तरी पूर्वपदाला आला नाही. या अनुभवाची छाया अंटार्क्टिक समुद्रातील जीवसृष्टीच्या रक्षणासाठी झालेल्या १९८० च्या कॅनबेरा करारावर स्पष्ट आहे. ज्या प्राण्याची मासेमारी होते त्याच्याबरोबर त्यावर अवलंबून असलेल्या जीवांचाही विचार करावा, असे त्या कराराने बंधनच घातले. तेथील मासेमारीचे नियम ठरवणारा, ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथील आयोग त्यानुसार चालतो. द्वीपकल्पाच्या उपक्षेत्रात १ लाख ५५ हजार टनांहून अधिक क्रिल काढू नये, अशी वाटणी या आयोगाने २००९ साली केली होती. नियम ढोबळ होता, तरी उपसा एका जागी एकवटण्याला त्याने आवर घातला. २०२४ मध्ये त्याची मुदत संपली आणि सदस्यांचे एकमत न झाल्याने तो चालू राहिला नाही. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संपूर्ण क्षेत्राची ६ लाख २० हजार टनांची मर्यादा प्रथमच गाठली गेली आणि मासेमारी वेळेआधी थांबवावी लागली.

भारत १९८६ पासून या आयोगाचा सदस्य आहे. तिथले निर्णय एकमताने होतात, म्हणून प्रत्येक सदस्याच्या शब्दाला वजन असते. २०२१ मध्ये पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र येथील संरक्षित क्षेत्रांच्या प्रस्तावांना भारताने सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा दिला, ही चांगली गोष्ट झाली. गोव्यात वास्को येथे आपले ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २००९ साली जर्मन संशोधकांबरोबर दक्षिण समुद्रात लोह मिसळून सूक्ष्म वनस्पती वाढवण्याचा प्रयोग केला तेव्हा लहान कवचधारी प्राण्यांनी वाढलेली वनस्पती कशी फस्त केली, हे आपल्याच लोकांनी पाहिले आहे. उपक्षेत्रांची वाटणी पुन्हा लागू व्हावी, आणि ती जुन्या आकड्यांऐवजी ऋतू आणि पेंग्विनच्या वसाहतींच्या नकाशावर बेतावी, असा आग्रह भारताने धरावा असे मला वाटते. त्याच्या जोडीला हिवाळी पाहणी हवी. आजवरच्या बहुतेक नोंदी उन्हाळ्याच्या आहेत, तर बर्फ घटल्यामुळे मासेमारीची जहाजे आता शरद आणि हिवाळ्यापर्यंत तिथे थांबतात, म्हणजे नेमक्या त्या महिन्यांत जेव्हा क्रिलची पिल्ले बर्फाखाली आपला पहिला हिवाळा काढत असतात.