पुलावरचा रियाज

नमस्कार मंडळी. रियाजाचे किस्से आपण सगळेच ऐकत मोठे झालोय, आज मी न्यूयॉर्कमधल्या एका पुलावरच्या रियाजाबद्दल बोलणारे.

१९५९ साल. अमेरिकन जॅझ वादक सनी रोलिन्स तिशीच्या आतला, टेनर सॅक्सोफोन, म्हणजे जरा खालच्या, भरदार सुराचा सॅक्सोफोन, म्हटलं की पहिल्या दोन-तीन नावांत त्याचं नाव, रेकॉर्ड्स गाजतायत, आणि याने अचानक प्रोग्रॅमच बंद केले. का, तर लोक कौतुक करतायत तेवढं आपल्याला येत नाही असं त्याला मनापासून वाटत होतं. घरी वाजवावं तर शेजारी एक बाई गरोदर, तिला त्रास नको, म्हणून हा जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर जायला लागला, आणि एकदा गेला की तासन् तास, अगदी थंडीतही, असं जवळपास दोन वर्षं!

आता बघा, बंद खोलीत वाजवलं की भिंती सूर परत देतात आणि आपल्यालाच वाटतं की काय भरदार लागलाय. पुलावर भिंतच नाही. शेजारून धडधडत ट्रेन जाते, खाली नदीत बोटींचे भोंगे, वरून वारा, त्यात आपला सूर आपल्याच कानाला ऐकू यायचा तर तो छातीतूनच यायला हवा.

त्याच्यावर संस्कार कोणाचे? जन्म १९३०चा, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला. लहानपणी लुई जॉर्डन या सॅक्सोफोन वाजवणाऱ्या गायकाचं वेड, मग टेनरवाला कोलमन हॉकिन्स, ज्याच्यामुळे त्याने आल्टो, म्हणजे वरच्या सुराचा सॅक्सोफोन, सोडून टेनर धरला, मग आल्टोवाला चार्ली पार्कर, आणि विशीच्या आत असताना पियानोवादक थेलोनियस मंककडे तालमी. पण मला विचाराल तर आईचाही वाटा तेवढाच. आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवरचे, आईकडून लहानपणी ऐकलेली एक चाल १९५६च्या ‘सॅक्सोफोन कोलोसस’ या अल्बममध्ये ‘सेंट थॉमस’ ही रचना होऊन आली. त्यातला सोलो नीट ऐका. सुरुवातीला दोनच सूर घेतो, तेच मागेपुढे करतो, जरा थांबतो, परत तेच, आणि त्यातूनच पुढचं सगळं उलगडत नेतो. ख्याल ऐकणाऱ्याला ही बढत लगेच ओळखीची वाटेल.

पुलावरच्या त्या रियाजानंतर, १९६२मध्ये, ‘द ब्रिज’ हा अल्बम आला. त्यानंतरही १९६९च्या सुमारास तो पुन्हा थांबला, आणि त्या काळात आपल्या पवईच्या आश्रमात येऊन काही महिने राहिला, योग आणि ध्यान शिकला. म्हणजे नाव झाल्यावर दोनदा विद्यार्थी व्हायची तयारी, मला हे फार मोठं वाटतं.

११ सप्टेंबर २००१ला तो वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून अगदी जवळ राहत होता, वय ७१. इमारत रिकामी करायला लावली तेव्हा तो सॅक्सोफोन हातात घेऊन खाली उतरला, आणि चारच दिवसांनी, १५ तारखेला, बोस्टनमध्ये स्टेजवर उभा राहून वाजवत होता. ते रेकॉर्डिंग आहे, आता आपण त्यातला एक तुकडा ऐकू.