ऑर्डर ऑनलाइन गेली. माल कामाला कधी आला?

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्या बहुतेकांच्या टेबलावरून खरेदीची फाईल जाते, म्हणून थेट टीसीएल पावडरवरच येतो.

पाण्याच्या टाकीत टाकायची ही ब्लीचिंग पावडर ताजी असते तेव्हा तिच्यात 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. दमट हवा, गळकी खोली, तोंड उघडं राहिलेलं पोतं, एवढं मिळालं की ते उडायला लागतं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर आपल्याकडे निकृष्ट धरतात. आता बघा, मार्चअखेर निधी खर्ची पडायला हवा म्हणून वर्षभराची पावडर एकदम मागवली. ऑर्डर पोर्टलवरून गेली, दर स्पर्धेतून आला, लेखापरीक्षणात बोट ठेवायला जागा नाही. आणि ऐन जुलैत, गढूळ पाण्याच्या दिवसांत, जलसुरक्षक टाकीत जे टाकतो त्यात दमच उरलेला नाही. या खरेदीला मी यशस्वी म्हणणार नाही.

गैरसमज नको. ऑनलाइन खरेदीच्या बाजूनं मी ठामपणे उभा आहे. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल 2016 साली आलं, एप्रिल 2023 मध्ये ते ई-ग्रामस्वराजला, म्हणजे ग्रामपंचायतींच्या हिशेबाच्या पोर्टलला, जोडलं गेलं आणि ग्रामपंचायतीलाही तिथून खरेदीची वाट मोकळी झाली. निविदा टाळायला, खरेदीच्या मर्यादेत बसवण्यासाठी तुकडे पाडून केलेली खरेदी आता तारखेसकट दिसते. हे फार मोठं काम झालं आहे.

पण पोर्टलनं वेळ वाचवला तो ऑर्डर निघेपर्यंतचा. पुढे माल उतरवून घेणं, तपासणं, साठा नोंदवहीत चढवणं, देयक काढणं हे माणसांच्याच हातात राहिलं, आणि घोडं अडतं ते इथे. जेमवर माल पोचल्यापासून 10 दिवसांत स्वीकृतीचं प्रमाणपत्र, म्हणजे सीआरएसी, आणि तिथून 10 दिवसांत पैसे, असा हिशेब आहे. प्रत्यक्षात पोती खोलीत पडून असतात, नमुना तपासणीला गेलेला नसतो, सही करणारे साहेब दौऱ्यावर असतात.

पुरवठादार लहान उद्योजक असेल तर त्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, असं लहान उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. हे व्याज मागायला लहान माणूस धजावत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याला याच कार्यालयातून हवी असते. मग तो पुढच्या बिडमध्ये दर चढवतो, नाहीतर बिड भरणंच सोडतो. हा भुर्दंड कुठल्याही अहवालात वेगळा दिसत नाही, पण तो गावच्याच पैशातून जातो. मला याचा खरंच राग येतो.

म्हणून माझं मागणं एवढंच: ऑर्डर किती दिवसांत निघाली हे मोजता, तसं मागणी नोंदवल्यापासून माल वापरात येईपर्यंत किती दिवस गेले हेही मोजा. पावडरीसाठी बिडमध्येच टप्प्याटप्प्यानं पुरवठ्याची अट घाला, पहिला हप्ता पावसाच्या तोंडावर. गाडी उतरतानाच नमुना सीलबंद करा, आणि प्रयोगशाळेकडून अहवालाची तारीख आधीच ठरवून घ्या, म्हणजे सीआरएसीचे 10 दिवस तिथेच संपणार नाहीत.