सातबाऱ्यावर बहिणीचं नाव

नमस्कार, श्रोतेहो.

आठ एकर वडिलोपार्जित जमीन आहे असं धरा, म्हणजे ३२० गुंठे. घरात आई, दोन भाऊ, एक बहीण. वडील वारले. बहिणीच्या वाट्याला किती?

१९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वारस मानलं, पण जन्मापासूनचा हिस्सा फक्त मुलग्यांना ठेवला. त्यामुळे मृत्यूच्या आधीच वाटणी झाली असं धरून आधी वडील, आई आणि दोन मुलगे असे चार भाग पडायचे, प्रत्येकी ८० गुंठे. मग वडिलांच्या ८० गुंठ्यांचे पुन्हा चार भाग, आणि त्यातला एक बहिणीचा. भावाला शंभर गुंठे, बहिणीला वीस. हेच आता मोजलं तर वडील, आई, दोन भाऊ, बहीण असे पाच भाग पडतात, ६४ गुंठ्यांचे. वडिलांचे ६४ चौघांत वाटले की प्रत्येकाला आणखी सोळा. बहिणीला ८० आणि भावालाही ८०.

वीस गुंठ्यांवरून ऐंशी गुंठ्यांवर यायला फार काळ गेला. मुलीला संपत्तीत वाटा देणारं हिंदू कोड बिल रखडलं; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागचं हे एक मोठं कारण. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून मुलीला जन्माने हिस्सा दिला, पण त्या दिवशी जिचं लग्न झालेलं होतं तिला वगळून. ती अट ९ सप्टेंबर २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने गेली. तरीही ‘तुझे वडील २००५च्या आधीच वारले’ असं सांगून बहिणींना परत पाठवलं जायचं. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटवला. हक्क जन्माचा आहे, ९ सप्टेंबर २००५ला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मात्र उकलता येत नाही. ‘तोंडी वाटणी कधीच झाली होती’ एवढं नुसतं म्हणणं पुरत नाही. वाटणी नोंदणीकृत हवी किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली हवी, नाहीतर तिला पक्का सरकारी कागद तरी हवा.

हे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांबद्दल झालं. मुस्लिम कुटुंबात त्यांचा व्यक्तिगत कायदा लागतो, तिथे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. अनुसूचित जमातींना १९५६चा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यामुळे आदिवासी बहिणींनी आधी वकिलाला विचारावं. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच आईबापांना निम्मी मालमत्ता मुलामुलींसाठी राखून ठेवावी लागते, मुलगा-मुलगी असा भेद न करता.

मग इतका स्पष्ट कायदा असताना सातबाऱ्यावर बहिणीचं नाव का दिसत नाही? कारण कायद्याने दिलेला हिस्सा गावात दोन कागदांवर निसटतो.

पहिला कागद वारस नोंदीचा. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कळवायचं असतं. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. चूक होते ती इथेच. प्रतिज्ञापत्रात आई आणि मुलगे एवढीच नावं लिहिली जातात. हितसंबंधितांना नोटीस निघते, पण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीचा पत्ताच दिलेला नसतो. पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर करतात. पुष्कळदा बहिणीचं नाव लागतं, पण कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, न लागता ‘इतर हक्कात’ लागतं. ती जागा कर्जाच्या बोज्याची आणि कुळाची. वारस मालक असतो, त्याचं नाव कब्जेदारांतच हवं. जुन्या उताऱ्यांवर ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसतात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकच नाव वर आणि बाकी सगळे त्याच्याआड. असा उतारा दिसला तर मागचे सगळे फेरफार काढून वाचा.

वारस नोंदीचा अर्ज भावानेच करावा असं कुठेही नाही. बहीण तो स्वतः देऊ शकते, ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही. सगळ्या वारसांची नावं लिहा, भावाचंही; अर्धी यादी कुणाचीच चांगली नाही. पोच घ्या. भावाच्या अर्जावर नोटीस निघाल्याचं कळलं तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या. मग तो फेरफार तक्रार नोंदवहीत जातो आणि सुनावणी होते. फेरफार आधीच मंजूर झाला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येतं. मुदत टळली असेल तर उशिराचं कारण देणारा माफीचा अर्ज सोबत जोडावा. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव नाही म्हणून हिस्सा बुडत नाही. हिस्सा ठरवण्याचं काम दिवाणी कोर्टाचं. पण नाव नसलं की जमीन परस्पर विकली जाते, पीककर्ज आणि पीकविमा मिळत नाही, रस्त्यासाठी भूसंपादन झालं तर मोबदल्याची नोटीसही येत नाही. वाटपाचा दावा लावलात तर दुय्यम निबंधकाकडे त्या दाव्याची नोंद वकिलाकडून करून घ्या, म्हणजे जमीन घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.

दुसरा कागद हक्कसोडपत्र, आणि तो जास्त घातक. तेरावं उरकतं, सगळी जमलेली असतात, आणि कुणीतरी म्हणतं, ‘ताई, जरा तालुक्याला चल, एक सही हवीय.’ हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेल्या सहीने हिस्सा जात नाही. पण एकदा नोंदणी झाली की तो कायमचा गेला. पुढे भावाशी बिनसलं म्हणून परत मिळत नाही. फसवून सही घेतली असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा करावा लागतो, आणि फसवणूक शाबित करण्याचा भार बहिणीवर असतो. म्हणून दुःखाच्या दिवसांत कुठल्याही कागदावर सही करू नका. ‘नुसती संमती आहे’ किंवा ‘साक्षीदार म्हणून’ असं सांगितलं तरी मजकूर मोठ्याने वाचून घ्या, गट नंबर आणि क्षेत्र तपासा, प्रत घरी आणा.

हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे प्रत्येक बहिणीला ऐकवलं जातं. ते तिच्याच माथी मारणं अन्यायाचं आहे. बहिणीचे ऐंशी गुंठे ठेवून घेणाऱ्या भावाला कुणी विचारत नाही की तू बहिणीशी नातं का तोडलंस. ज्यांना बहिणीला दुखवायचं नाही, त्या भावांना एक साधं काम करता येईल: वारसांच्या यादीत तिचं नाव स्वतःच्या हाताने लिहावं.

पत्नीची गोष्ट वेगळी. नवरा हयात असताना त्याच्या जमिनीत तिला कायद्याने हिस्सा मागता येत नाही, मग शेतात राबण्यात तिचं आयुष्य गेलेलं असलं तरी. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम उभी केली ती याच अन्यायाविरुद्ध, आणि १९९२मध्ये सरकारने नवऱ्याच्या संमतीने पत्नीचं नाव सहमालक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट करून दिली. ती वाट फार थोड्यांनी धरली.

एक विषमता अजून कायद्यातच आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः कमावलेली जमीन किंवा पैसा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, तिच्या आईवडिलांकडे नाही. माहेराकडून वारशाने मिळालेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परतते. हे बदलेपर्यंत मृत्युपत्र हाच उपाय आहे. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, तिची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना मात्र साक्षीदार करू नका.